आधी निदान, मग खर्च

बैलबाजारात बैल पारखणारा शेतकरी आपण सर्वांनी पाहिला आहे. तो आधी बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, त्याला चार पावले चालवून पाहतो आणि मगच उपरण्याखाली हात घालून किमतीची गोष्ट काढतो. हाच शेतकरी घरातला संगणक बिघडला म्हणजे मात्र एकदम म्हणतो, "जुना झाला, आता नवा घ्यावा लागणार!" जे शहाणपण तो जनावराच्या बाबतीत दाखवितो ते यंत्राच्या बाबतीत दाखवीत नाही. याचे कारण एवढेच की, यंत्राचे दात कोठे पाहावयाचे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ते सांगण्याचा आज माझा प्रयत्न आहे.

मी संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. पांढुर्ण्यात मुलांना शिकविणे हा माझा व्यवसाय. दुरुस्तीला नागपूरहून माणूस येईपर्यंत वाट पाहण्याचा कंटाळा आला, म्हणून हे काम मी हळूहळू शिकलो. शिकताना चुकाही केल्या. त्यांपैकी एका चुकीची हकीकत सांगितली तर विषय आपोआप उलगडेल असे वाटते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सौसरची. ती पुढे नागपुरास भूगर्भशास्त्र शिकावयास गेली. सौसर हे नाव भूगर्भशास्त्रात फार मोठे आहे. मँगनीजचे धातुक घेऊन बसलेल्या या पट्ट्यातील प्राचीन खडकांच्या गटाला शास्त्रज्ञ 'सौसर समूह' या नावानेच ओळखतात. आपल्याच गावच्या या खडकांचा नकाशा अंतिम वर्षाच्या प्रबंधासाठी तयार करण्याचे काम तिने अंगावर घेतले होते. असे नकाशे आता कागदावर नव्हे, तर संगणकावर काढतात. त्यासाठी क्यूजीआयएस नावाचा एक उत्तम प्रोग्राम कोणासही विनामूल्य मिळतो. उपग्रहाने घेतलेली मोठमोठी छायाचित्रे तो एकमेकांवर रचतो. त्यामुळे संगणकही तसाच दणकट लागतो. वडिलांनी तिला एक जुना वर्कस्टेशन लॅपटॉप घेऊन दिला होता.

वर्कस्टेशन लॅपटॉप म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगतो. अभियंते, वास्तुविशारद, नकाशाकार यांच्या जड कामासाठी बांधलेला हा लॅपटॉप असतो. थिंकपॅडची डब्ल्यू मालिका, डेलची प्रिसिजन, एचपीची झेडबुक ही त्यांतील प्रसिद्ध घराणी. मोठ्या कचेऱ्या ही यंत्रे घाऊक घेतात आणि काही वर्षांनी ती बदलतात. मग ती जुन्या मालाच्या बाजारात येतात. अंगाने जाड, वजनाला तीन किलोच्या आसपास, दिसायला ओबडधोबड. पण त्यांचा मोठा गुण असा की, ती उघडता येतात. आजच्या पुष्कळ सडपातळ लॅपटॉपांत मेमरी मुख्य पट्टीवर डाख देऊन कायमची बसविलेली असते. या जुन्या यंत्रांत मात्र चार स्क्रू काढले की मेमरी, डिस्क, पंखा असे सारे भाग सुटे होऊन हातात येतात.

तर हे यंत्र २०१३ सालच्या पिढीतले, चार गाभ्यांच्या प्रोसेसरचे आणि ८ जीबी मेमरीचे होते. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात बाप-लेक ते घेऊन माझ्याकडे आले. सुरू व्हावयास सहा मिनिटे लागत; नकाशा उघडला की पडदा गोठून जाई. वडील म्हणाले, "गुरुजी, यंदा आंबिया बहाराची फळं निम्मी गळाली. नवं घेणं काही जमत नाही. हे चालेल का, एवढं सांगा." प्रबंध देण्यास दोन महिने उरले होते.

मी काय केले? यंत्र नीट पाहिलेही नाही. "नकाशाच्या कामाला मेमरी कमी पडते आहे," असे ठोकून दिले. त्या गृहस्थाने दुसऱ्याच दिवशी नागपुरास जाऊन ८ जीबीच्या दोन पट्ट्या आणल्या. मी त्या बसविल्या. यंत्र पूर्वीइतकेच मंद राहिले. ते काही बोलले नाहीत. पण संत्र्याच्या बागेतून आलेले पैसे माझ्या एका उतावळ्या वाक्याने खर्ची पडले, ही गोष्ट मला फार लागली. यंत्र माझ्याकडेच ठेवून घेतले आणि या वेळी क्रमाने जावयाचे असे ठरविले.

पोळ्याचा दुसरा दिवस. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या जाम नदीवर गोटमारीसाठी सारा गाव लोटला होता. मी दार लावून टेबलावर एक वही उघडली. तिच्यात तीन रकाने आखले: काय पाहिले, काय बदलले, आणि त्यानंतर काय झाले. श्रोतेहो, दुरुस्तीचे सर्वांत महत्त्वाचे हत्यार कोणते म्हणाल, तर पेचकस नव्हे, ही वही! एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच परिणाम लिहून ठेवावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुधारले, तर कोणत्या औषधाने गुण आला ते कळत नाही. बिघडले, तर कोणते औषध बाधले तेही कळत नाही.

पहिले काम म्हणजे यंत्रातील मजकूर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे. यंत्र पुन्हा मिळते, पण खडकाखडकावर उन्हात हिंडून केलेल्या नोंदी पुन्हा मिळत नाहीत. म्हणून एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि दुसरी आणखी एखाद्या ठिकाणी काढून झाल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये.

दुसरे काम म्हणजे यंत्राची ओळख करून घेणे. लॅपटॉपच्या पोटावर त्याचे नाव आणि क्रमांक असतो. त्यावरून निर्मात्याच्या संकेतस्थळावर दुरुस्तीची पुस्तिका मिळते. वर्कस्टेशन वर्गाच्या यंत्रांच्या पुस्तिका बहुधा विनामूल्यच मिळतात. कोणता स्क्रू आधी, कोणता नंतर, कोणती मेमरी चालते, कमाल किती चालते, हे सारे तिच्यात चित्रांसह दिलेले असते. पुस्तिका वाचल्यावरच मला कळले की, या यंत्रात मेमरीची दोन घरे पोटाकडून उघडतात आणि दोन कळफलकाखाली दडलेली असतात.

तिसरे काम मोजमापाचे. "मंद आहे" हे निदान नव्हे, ती तक्रार झाली. मी प्रोसेसरचा वेग पाहिला. ज्याने २.७ गिगाहर्ट्झने धावावे आणि निकड पडल्यास त्याहूनही वर जावे, तो ०.८ गिगाहर्ट्झवर अडून बसला होता. जड काम दिले तरी एक पाऊल पुढे टाकीना. बॅटरीही भरत नव्हती. प्रोसेसर तापला म्हणजे आपला वेग आपणच कमी करतो हे मला ठाऊक होते. परंतु या वेळी तो मुळीच तापलेला नव्हता. मग त्याला अडविले कोणी?

मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले आणि या वेळी पहिल्या क्षणापासून पडद्यावर नजर ठेवली. विंडोज येण्यापूर्वीच काळ्या पडद्यावर एक पाटी आली. तिचा आशय असा की, जोडलेल्या चार्जरची जात ओळखता येत नाही, म्हणून यंत्र कमी वेगाने चालेल आणि बॅटरी भरणार नाही. मी फोन करून मुलीला विचारले. ती म्हणाली, "हो सर, ती पाटी रोजच येते. एक कळ दाबली की जाते."

श्रोतेहो, यंत्र रोज सकाळी आपले दुखणे स्वतःच्या तोंडाने सांगत होते आणि आम्ही कळ दाबून त्याला गप्प करीत होतो!

यातील मर्म असे. या घराण्याच्या चार्जरच्या टोकात मध्यभागी एक बारीक सुई असते. ती वीज वाहून नेत नाही. "मी अमुक वॅटचा चार्जर आहे," एवढी ओळख ती यंत्राला करून देते. या यंत्राला १८० वॅटचा चार्जर हवा होता. मूळचा हरवल्यावर बाजारातून आणलेला स्वस्त चार्जर टोकाने जुळत होता, पण ती ओळख देत नव्हता. ओळख पटली नाही म्हणजे यंत्र सावधगिरीने प्रोसेसरचा वेग अगदी तळाशी आणते, कारण पुरवठ्याहून अधिक वीज ओढली तर चार्जर तापून धोका होण्याचा संभव असतो.

तरीही दोष चार्जरचा की तो जेथे जोडतो त्या खोबणीचा, हे अद्याप ठरले नव्हते. अशा वेळी खात्रीचा भाग उसना आणून पाहावा. एका परिचित अभियंत्याकडून त्याच जातीचा मूळ चार्जर एका संध्याकाळपुरता आणला. तो लावताच पाटी नाहीशी झाली, बॅटरी भरू लागली आणि प्रोसेसरने ३ गिगाहर्ट्झच्या वर उडी घेतली. म्हणजे खोबण निर्दोष, दोष केवळ चार्जरचा. वहीत नोंद झाली: सुरू होण्याचा वेळ सहा मिनिटांवरून चारवर.

परंतु चार मिनिटे हाही काही चांगला वेळ नव्हे. आता पाळी डिस्कची. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते. तिला स्मार्ट नोंद म्हणतात आणि ती वाचणारे प्रोग्राम विनामूल्य मिळतात. त्या नोंदीत दोन आकडे मुख्यतः पाहावे. निकामी ठरवून ज्यांच्याऐवजी राखीव जागा वापरली असे भाग किती, हा पहिला. आणि वाचता न आल्यामुळे ज्यांचा निकाल अजून लागावयाचा आहे असे भाग किती, हा दुसरा. हे आकडे शून्य असले तर बरे. वाढत जात असले तर डिस्कचे आयुष्य संपत आले म्हणून समजावे. या डिस्कमध्ये ते शून्य नव्हते.

जुनी हार्डडिस्क म्हणजे गरगर फिरणारी तबकडी. हवी ती जागा शोधावयास तिच्या सुईला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. एसएसडीत फिरणारे काहीच नसते आणि हेच काम ती सुमारे शंभरपट लवकर करते. जुन्या लॅपटॉपला तरुण करणारा एकच बदल सांगा असे कोणी म्हटले, तर मी एसएसडीचे नाव घेईन. मात्र घेताना जात पाहावी. या पिढीच्या यंत्रांना अडीच इंचांची साटा जातीची एसएसडी लागते. नव्या लॅपटॉपांतली काडीसारखी एनव्हीएमई जातीची एसएसडी अधिक वेगवान असली तरी या यंत्रांत ती बसत नाही. एसएसडी बसविल्यावर सुरू होण्याचा वेळ चार मिनिटांवरून अर्ध्या मिनिटावर आला.

आता मेमरीविषयी. डिस्क ही घरातली कोठी आणि मेमरी हे कामाचे टेबल. कोठी कितीही मोठी असो, टेबल लहान असेल तर सामानाची सारखी ने-आण करावी लागते. नकाशाला टेबल मोठे लागते. त्यामुळे मी घाईने आणावयास लावलेल्या पट्ट्या पुढे उपयोगी पडल्या, ही गोष्ट निराळी. माझे निदान चुकले ते चुकलेच. २०१३ च्या या पिढीला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल मेमरी लागते. १.५ व्होल्टची जुनी पट्टी खाचेत बसते खरी, पण मग यंत्र सुरूच होत नाही असे पुष्कळदा घडते. डीडीआर४ची तर खाचच जुळत नाही.

नवी पट्टी बसविल्यावर तिची परीक्षा घ्यावी. मेमटेस्ट८६+ नावाचा विनामूल्य प्रोग्राम पेनड्राइव्हवर उतरवून यंत्र त्यावरूनच सुरू करावे आणि रात्रभर चालू ठेवावे. एकही चूक दिसता कामा नये. मला चुका दिसल्या. तेव्हा एकेक पट्टी एकाच घरात ठेवून पाहिली. सर्व पट्ट्या उत्तीर्ण झाल्या. मग एकच चांगली पट्टी चारही घरांत फिरविली, तेव्हा कळफलकाखालच्या एका घरात ती नापास झाली. म्हणजे पट्टी निर्दोष, घर दोषी. त्या घरात धुळीची जाड पुटे होती. ती मऊ कुंचल्याने झाडली, पट्टीचे सोनेरी दात स्वच्छ पुसले, आणि पुढची रात्र निर्दोष गेली. मी पहिल्याच चुकीवर पट्टी परत करावयास निघालो असतो, तर दुकानदाराशी विनाकारण भांडण झाले असते.

धुळीवरून उष्णतेचा विषय आला. आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कापसाच्या दिवसांत हवेत तंतू तरंगतात. पंख्यामागच्या तांब्याच्या जाळीवर त्यांची अक्षरशः चटई विणली जाते. शिवाय प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा जो लेप असतो, तो काही वर्षांत सुकून त्याचे भेग पडलेले खापर होते. इंटेलच्या या प्रोसेसरांची मर्यादा सामान्यतः १०० अंश सेल्सिअस असते. तिच्याजवळ पोहोचले की ते वेग आवरतात. वेग पूर्ववत झाल्यावर या यंत्राचे तापमान जड कामात ९६ अंशांवर जाऊ लागले होते. जाळी साफ केली, जुना लेप पुसून मटाराच्या दाण्याएवढा नवा लावला, तेव्हा ते ८० च्या खाली स्थिरावले. पंख्यावर हवा मारताना तो बोटाने धरून ठेवावा; वाऱ्याने भलत्या वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडते.

एक लहान दुखणे उरले होते. बराच वेळ बंद राहिले की यंत्राचे घड्याळ अनेक वर्षे मागे जाई आणि मग इंटरनेटवरील सुरक्षित स्थळे उघडत नसत, कारण त्यांची प्रमाणपत्रे तारीख पाहून तपासली जातात. आत नाण्याच्या आकाराचा एक सेल असतो. तो बदलताच ही तक्रार मिटली.

शेवटी प्रश्न येतो तो विंडोजचा. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा अथवा त्यापुढचा लागतो आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोयही लागते. २०१३ चे यंत्र त्यात अधिकृतपणे बसत नाही. म्हणून ते फेकून द्यावे काय? मुळीच नाही. लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली अशा यंत्रावर सुखाने चालते, तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात, तिच्यात मराठीही टंकित करता येते आणि क्यूजीआयएसही चालते. प्रथम ती पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावी; वाय-फाय, ध्वनी, पडदा सारे ठीक असेल तरच आत बसवावी.

आता सावधगिरीचे दोन शब्द. यंत्र उघडण्यापूर्वी चार्जर काढावा, बॅटरी काढावी आणि एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगावरील स्थिर वीज उतरवावी. बॅटरी फुगलेली दिसली तर ती दाबू नये, टोचू नये आणि वापरूही नये. तिला घरच्या कचऱ्यात किंवा भंगारात जागा नाही. ती अधिकृत संकलकाकडेच द्यावी. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या आणि विजेची उपकरणे परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की चार्जर भिंतीतून काढून ठेवावा.

आणि कोठे थांबावे, हेही कळले पाहिजे. मुख्य पट्टी जळाली असेल, पडद्यावर आडव्यातिडव्या रेघा येत असून चित्राचे कार्ड निकामी झाले असेल, तर जुन्याच्या मायेने पैसे ओतू नयेत. मी स्वतःपुरता एक नियम केला आहे: तसेच दुसरे चालू यंत्र ज्या किमतीस मिळते तिच्या निम्म्याहून अधिक खर्च येत असेल, तर दुरुस्ती नको. त्यापूर्वी मात्र एक दिवस तपासणीला द्यावाच. या यंत्राच्या मंदपणाचे मूळ कारण एक चार्जर निघाले. ते शोधावयास खर्च शून्य आला.

दुरुस्तीनंतर मी यंत्र लगेच परत केले नाही. दोन दिवस चालविले, तासभर जड काम देऊन तापमान पाहिले, झोपविले, उठविले, प्रत्येक खोबणीत पेनड्राइव्ह लावून पाहिला. मग वडील ते न्यावयास आले, तेव्हा त्यांना वहीतले पान दाखविले आणि पहिल्या दिवशी माझेच चुकले होते हेही सांगितले. त्यांनी पान शांतपणे वाचले आणि म्हणाले, "गुरुजी, बागेत झाड पिवळं पडलं की आम्ही आधी मूळ उकरून पाहतो. हे बी तसंच झालं म्हणा."

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. या नव्या जिल्ह्याच्या खडकांचा एक नकाशा, सौसरच्याच मुलीने जुन्या यंत्रावर काढलेला, आज माझ्या वर्गाच्या भिंतीवर टांगलेला आहे. त्याच्याखाली मी ती वही ठेवली आहे. मुले तिच्यात शाळेच्या संगणकांच्या नोंदी करतात, आणि पहिल्या रकान्यात काही लिहिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावावयाचा नाही, एवढा एकच नियम मी त्यांना घालून दिला आहे.